हार्मनीओएस नेक्स्ट: कुणी म्हणतं सोपं, कुणी म्हणतं वाटेला जाऊ नका. आमच्या टीमने कोणाचं ऐकावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. सात जणांची टीम आहे. अँड्रॉइडचं अ‍ॅप कोटलिनमध्ये, आयफोनचं स्विफ्टमध्ये आणि फोटोंवर प्रक्रिया करणारा सी++ चा एक भाग दोन्हींत सामाईक. चीनमध्ये धंदा असलेल्या क्लायंटला हेच अ‍ॅप आता हार्मनीओएस नेक्स्टवर, म्हणजे हुआवेच्या फोनच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, हवंय. चौकशी केली तर एक डेव्हलपर म्हणाला, आठवड्यात हात बसतो. दुसरा म्हणाला, त्या वाटेला जाऊच नका. तिसऱ्याने सांगितलं, वेबव्ह्यूत (वेबपान दाखवणाऱ्या खिडकीत) गुंडाळा आणि मोकळे व्हा. शेवटी तुम्ही असंही विचारलंय की करायचं ठरलं तर टीममधून कोणाला बसवायचं.

तिघेही खरंच सांगत असणार. पहिल्याने बहुधा स्विफ्टयूआय किंवा जेटपॅक कंपोजवर (आयफोन आणि अँड्रॉइडवर स्क्रीन बांधायच्या नव्या पद्धतींवर) काम केलेलं असेल आणि इथे नव्या स्क्रीन लिहून पाहिल्या असतील. दुसऱ्याच्या गळ्यात टाइपस्क्रिप्टची जुनी, मोठी लायब्ररी असेल, किंवा २०२१ साली हार्मनीओएससाठी जावा शिकून त्याचे हात पोळले असतील. तिसऱ्याचं अ‍ॅप मुळात फॉर्म आणि याद्यांचंच असेल. प्लॅटफॉर्मचे थर वेगवेगळे असतात: भाषा, यूआय (म्हणजे स्क्रीन), थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि नेटिव्ह कोड, सिस्टीमचे नियम, बाहेरचे एसडीके (दुसऱ्यांच्या तयार लायब्ररी) आणि शेवटी बनवणाऱ्या कंपनीचा शब्द. ज्याला जो थर घासतो, त्याबद्दल तो बोलतो. तुमचं अ‍ॅप कुठे घासेल ते तुमच्या चार ओळींवरून मला पूर्ण कळत नाही, म्हणून जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तपासायचं कसं तेवढं सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. हार्मनीओएस हे एकच नाव दोन बऱ्याच वेगळ्या गोष्टींना लागलंय. हुआवेने ते ९ ऑगस्ट २०१९ ला जाहीर केलं आणि २ जून २०२१ ला हार्मनीओएस २ फोनवर आलं. त्या पिढीत अँड्रॉइडच्या एपीके (अ‍ॅप इन्स्टॉल करायच्या) फाइल चालत होत्या, कारण आत अँड्रॉइडचा मुक्त कोड होता. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आणि २२ ऑक्टोबर २०२४ ला अधिकृतपणे आलेल्या नेक्स्टमधून तो भाग काढून टाकला. आता एपीके थेट इन्स्टॉल होत नाही. अ‍ॅप 'हॅप' या वेगळ्या पॅकेजात जातं, कोड आर्कटीएस या भाषेत, यूआय आर्कयूआय या फ्रेमवर्कमध्ये, आणि काम डेवइको स्टुडिओ या साधनात. त्यामुळे 'आमचं अ‍ॅप काही न बदलता चाललं' असा कोणाचा अनुभव दिसला तर आधी त्याची तारीख बघा. अर्ध्या परस्परविरोधी मतांचा उलगडा तारखेतच होतो.

भाषेबद्दलची ओरड सगळ्यांत मोठी आहे आणि माझ्या मते तिचा खर्च सगळ्यांत कमी. आर्कटीएस टाइपस्क्रिप्टवरून घडवलीय, पण टाइपस्क्रिप्टच्या ज्या सैलपणाची लोकांना सवय असते तो तिने काढून घेतलाय. 'एनी' आणि 'अननोन' हे टाइप नाहीत. 'व्हार' नाही, 'लेट' वापरायचं. डिस्ट्रक्चरिंग नाही. स्प्रेड अ‍ॅरेवर चालतो, ऑब्जेक्टवर नाही. 'फॉर-इन' नाही, 'डिलीट' नाही, चालू प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्टला नवं फील्ड चिकटवता येत नाही. दोन क्लासची फील्डं योगायोगाने सारखी असली म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. यामागचं कारण सरळ आहे: ऑब्जेक्टचा आराखडा कंपाइल करतानाच पक्का झाला की रनटाइमला प्रत्येक फील्ड शोधत बसावं लागत नाही आणि कोड आधीच मशीन कोडमध्ये उतरवणं सोपं जातं. ज्याचा सगळा कोड जावास्क्रिप्टच्या लवचिकपणावर उभा आहे तो चिडणारच. कोटलिन आणि स्विफ्टवाल्यांना मात्र यातले बहुतेक नियम घरचेच वाटतील, कारण तुमच्या भाषाही साधारण हेच मागतात.

एक जागा अशी आहे की तिथे सगळेच अडखळतात, तेव्हा ती नीट सांगतो. सर्व्हरकडून आलेलं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पार्स केलं आणि 'अ‍ॅज ऑर्डर' असं लिहिलं की कंपाइलर गप्प बसतो. पण त्याने ऑर्डर क्लासचा ऑब्जेक्ट तयार झालेला नसतो. नुसती फील्डं असलेला साधा ऑब्जेक्ट असतो. त्यावर एकूण रक्कम काढणारी क्लासमधली मेथड बोलावली की अ‍ॅप रनटाइमला कोसळतं. गंमत म्हणजे फील्ड वाचली तर सगळं ठीक दिसतं, त्यामुळे हा दोष डेमोत सापडत नाही. उपाय दोन. सर्व्हरच्या डेटासाठी मेथड नसलेले इंटरफेस ठेवायचे आणि गणितं वेगळ्या फंक्शनमध्ये लिहायची. किंवा प्रत्येक क्लासला जेसनवरून स्वतःला घडवणारी स्टॅटिक मेथड द्यायची. मी पहिला मार्ग सुचवेन, कारण पुढे थ्रेडच्या बाबतीत त्याचा आणखी एक फायदा होतो.

टाइपस्क्रिप्टचा जुना कोड असेल तर सगळा बदलायची घाई नको. आर्कटीएसची 'ईटीएस' फाइल साध्या 'टीएस' फाइलला इम्पोर्ट करू शकते. उलट दिशेने मात्र बंदी आहे. म्हणजे यूआयशी संबंध नसलेला हिशेबाचा, पडताळणीचा कोड 'टीएस'मध्येच खाली राहू शकतो, फक्त त्याने वरच्या कशालाही हात लावता कामा नये. ज्यांच्या कोडमध्ये हे थर आधीपासून वेगळे होते ते खूष दिसतात. ज्यांचा हिशेबाचा कोड स्क्रीनच्या आत शिरलेला होता ते प्लॅटफॉर्मला शिव्या देतात.

आता यूआय. आर्कयूआय डिक्लेरेटिव्ह आहे, म्हणजे स्क्रीन कशी दिसावी तेवढं लिहायचं, त्यामुळे कंपोज किंवा स्विफ्टयूआय येणाऱ्याला पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटतं. 'आठवड्यात हात बसतो' हे मत इथून येतं. ही ओळख दुसऱ्या आठवड्यात दगा देते. कंपोजमध्ये आपण यूआयच्या फंक्शनमध्ये बिनधास्त स्थानिक व्हेरिएबल घेतो, 'व्हेन' लिहितो. इथल्या 'बिल्ड' मेथडमध्ये नुसतं यूआयचं वर्णन चालतं: स्थानिक व्हेरिएबल घेता येत नाही, 'स्विच' लिहिता येत नाही, लॉगची ओळही टाकता येत नाही. 'इफ-एल्स' चालतं. त्यामुळे स्क्रीनवर दाखवायची किंमत आधी मेथडमध्ये काढून ठेवायची सवय लावावी लागते. त्रास आहे, पण ठरावीक आहे. चार-पाच स्क्रीननंतर तो जाणवत नाही.

खरा घोळ स्टेटचा, म्हणजे स्क्रीन ज्यावर अवलंबून असते त्या डेटाचा. 'स्टेट' डेकोरेटर (नावाआधी लावायची खूण) लावलेलं व्हेरिएबल बदललं की स्क्रीन ताजी होते, पण हे लक्ष पहिल्याच पातळीपर्यंत असतं. व्हेरिएबलला नवा ऑब्जेक्ट दिला तर कळतं, त्याचं थेट फील्ड बदललं तरी कळतं. त्या फील्डमधल्या ऑब्जेक्टचं फील्ड बदललं तर कळत नाही. ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेत एक घटक बदलून ठेवला तर कळतं. त्याच घटकाचं 'निवडलेला' हे फील्ड खरं केलं तर कळत नाही. एरर येत नाही, लॉगमध्ये किंमत बरोबर दिसते आणि स्क्रीनवर जुनंच चित्र. नवा माणूस यात दिवस घालवतो. पहिल्या पद्धतीत यावर इलाज म्हणजे त्या क्लासला 'ऑब्झर्व्ड' लावायचं, यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळा छोटा कंपोनंट करायचा आणि त्यात तो ऑब्जेक्ट 'ऑब्जेक्टलिंक'ने घ्यायचा. एपीआय १२ (प्लॅटफॉर्मच्या आवृत्तीचा क्रमांक) पासून दुसरी पद्धत आली: क्लासला 'ऑब्झर्व्हडव्ही२', ज्या फील्डांवर नजर हवी त्यांना 'ट्रेस' आणि कंपोनंटला 'कंपोनंटव्ही२'. खोलवरचे बदल या पद्धतीत थेट कळतात. तुम्ही आता सुरुवात करताय, तर सरळ दुसरीच पद्धत घ्या. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये मिसळण्यावर बंधनं आहेत आणि जुन्या लेखांतली उदाहरणं पहिल्या पद्धतीची असतात, म्हणून नक्कल करताना डेकोरेटरचं नाव बघूनच उचला.

याद्यांबद्दल थोडं. 'फॉरईच' सगळे घटक एकदम तयार करतो. शंभराच्या पुढे गेलात की स्क्रीन उघडताना झटका जाणवतो. लांब यादीला 'लेझीफॉरईच' लागतो, आणि त्याला साधा अ‍ॅरे चालत नाही. डेटासोर्सचा इंटरफेस लिहून बदल झाला की स्वतः कळवावं लागतं. दोन्हींत प्रत्येक घटकाला 'की' (ओळखीची खूण) देणारं फंक्शन तुम्हीच द्या. 'फॉरईच'ला दिलं नाही तर तो क्रमांक आणि घटकाचं जेसन जोडून की बनवतो, म्हणजे वर एक ओळ घातली की खालच्या सगळ्यांच्या की बदलतात आणि अख्खी यादी नव्याने बांधली जाते. 'आर्कयूआय संथ आहे' अशी तक्रार ऐकली तर आधी त्या माणसाला की कशी देतो ते विचारा. सर्व्हरने दिलेला आयडी वापरा, क्रमांक कधीच नको.

थ्रेडच्या बाबतीत कोटलिनवाल्यांना धक्का बसेल. इथे थ्रेड मेमरी वाटून घेत नाहीत. 'टास्कपूल'ला (वेगळ्या थ्रेडवर काम चालवणाऱ्या सोयीला) काम दिलं की डेटाची प्रत बनून पलीकडे जाते आणि त्या प्रवासात क्लासच्या मेथड गळून पडतात; उरतात ती फील्डं. (वर म्हटलं ना, मेथड नसलेले इंटरफेस बरे, ते याचसाठी.) टास्कपूलच्या फंक्शनला 'कन्करंट' डेकोरेटर लागतो आणि बाहेरचं व्हेरिएबल क्लोजरमधून ओढून घेता येत नाही, जे हवं ते आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. शिवाय टास्कपूलचं काम सीपीयूवर तीन मिनिटांपेक्षा जास्त चालता कामा नये, नाहीतर सिस्टीम ते आवरतं घेते. लांब चालणाऱ्या कामाला 'वर्कर' घ्यायचा. ऑब्जेक्ट खरोखर वाटून घ्यायचा असेल तर 'सेंडेबल' क्लास आहेत, पण त्यांची फील्डंही त्याच जातीची लागतात, त्यामुळे एकाला लावलं की साखळीने दहा क्लासना लावावं लागतं. मोठ्या फोटोंसाठी या वाटेने जाऊच नका. पिक्सेल सी++ च्या बाजूलाच ठेवा आणि आर्कटीएसकडे फक्त हँडल द्या.

त्या सी++ भागाची बातमी बरीच चांगली आहे. अँड्रॉइडसाठी बनवलेली 'एसओ' (कंपाइल केलेल्या लायब्ररीची) फाइल जशीच्या तशी इथे चालणार नाही, कारण अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक आणि इथली मसल. पण कोड सीमेक या बिल्डच्या साधनाने बनत असेल तर इथल्या एनडीकेचं (सी++ साठीच्या साधनसंचाचं) टूलचेन देऊन पुन्हा कंपाइल करणं हे एक-दोन दिवसांचं काम असतं. जावा-कोटलिनला सी++ शी जोडणारा जेएनआयचा पूल मात्र फेकून द्यावा लागतो आणि त्याच्या जागी आर्कटीएसला जोडणारा नोड-एपीआयचा लिहावा लागतो. पुलावरची फंक्शन्स मोजा: दहा-बारा असतील तर आठवड्याचं काम. सी++ चा कोड स्वतःच जावाच्या क्लासना उलट बोलावत असेल तर आधी ते धागे सोडवायला हवेत. तिथे अंदाज दुप्पट करा. आणखी एक खड्डा: विंडोजवरच्या एमुलेटरला 'एक्स८६-६४'ची लायब्ररी लागते, फोनला 'आर्म६४'ची. बिल्डच्या सेटिंगमध्ये दोन्ही नसली की एमुलेटरवर अ‍ॅप लायब्ररीच सापडत नाही म्हणून पडतं आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

सिस्टीमच्या नियमांबद्दलची मतं सगळ्यांत टोकाची असतात, आणि इथे तुमचं अ‍ॅप काय करतं यावर सगळं अवलंबून आहे. वापरकर्त्याला एखादा फोटो निवडू द्यायचा असेल तर सिस्टीमचा पिकर उघडा. परवानगी मागावीच लागत नाही. फोटो गॅलरीत ठेवायचा असेल तर सिस्टीमचं 'सेव्ह' बटण आपल्या स्क्रीनवर लावायचं; माणसाने ते दाबलं की तेवढ्यापुरती मुभा मिळते. मात्र हे बटण झाकलं, फार फिकं केलं किंवा त्यावर दुसरं काही आणलं तर मुभा मिळत नाही, हे डिझायनरला आधीच सांगा. तुमचं अ‍ॅप स्वतःची गॅलरी दाखवत असेल, म्हणजे फोनमधले सगळे फोटो वाचत असेल, तर ती परवानगी मर्यादित गटातली आहे; वेगळा अर्ज करून कारण द्यावं लागतं. मंजुरीवर वेळापत्रक बांधण्यापेक्षा स्क्रीनचं डिझाइन पिकरला धरून बदला.

पार्श्वभूमीतलं कामही तसंच. अ‍ॅप मागे गेल्यावर छोट्या कामासाठी एका वेळी जास्तीत जास्त तीन मिनिटं आणि दिवसभरात मिळून दहा मिनिटं मिळतात. अर्धवट राहिलेला अपलोड पूर्ण करायला तेवढं पुरतं, दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारत बसायला पुरत नाही. गाणं, नेव्हिगेशन यांसारख्या गोष्टींना लांब कामाचा वेगळा प्रकार जाहीर करता येतो, आणि मोठ्या अपलोड-डाउनलोडसाठी सिस्टीमची स्वतःची सेवा आहे. अँड्रॉइडवर फोरग्राउंड सर्व्हिस लावून काहीही चालू ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. चॅट आणि ट्रॅकिंगची अ‍ॅप करणारे वैतागतात, बातम्यांची आणि खरेदीची अ‍ॅप करणाऱ्यांना हा नियम आहे हे कळतही नाही.

आता ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि ज्यात सगळ्यांत जास्त दिवस जातात ते: बाहेरचे एसडीके. आज संध्याकाळीच दोन्ही अ‍ॅपच्या बिल्ड फाइल उघडा आणि एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात लायब्ररीचं नाव, दुसऱ्यात ती काय काम करते, तिसऱ्यात नेक्स्टसाठी तिची अधिकृत आवृत्ती आहे का, चौथ्यात नसेल तर पर्याय: हुआवेची सेवा, ओएचपीएमवरचं (इथल्या पॅकेजांच्या भांडारातलं) पॅकेज, स्वतः लिहिणं की ते फीचरच सोडून देणं. पुश, नकाशे, लॉगिन, पेमेंट, क्रॅश रिपोर्ट, अ‍ॅनालिटिक्स या सहा ओळी आधी भरा. गूगलच्या सेवा इथे नाहीत, म्हणून त्यांच्यावर उभं असलेलं सगळं बदलणार. चौथ्या रकान्यात 'स्वतः लिहिणं' पाचपेक्षा जास्त वेळा आलं तर हा प्रकल्प तुमच्या आत्ताच्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे. पर्यायी एसडीके सर्व्हरच्या बाजूलाही बदल मागतो हे विसरू नका. पुशचं टोकन वेगळं, संदेश पाठवायचा एपीआय वेगळा. फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे पोर्ट आहेत, पण प्लगइनमध्ये नेटिव्ह भाग असला की त्याचा नेक्स्टसाठीचा भाग कोणीतरी लिहिलेला लागतो. तुमचा कोड तसाही नेटिव्ह आहे, तेव्हा केवळ यासाठी तिकडे वळू नका.

इथवरचं सगळं कोणीही दहा दिवसांत मोजू शकतो. जे मोजता येत नाही ते म्हणजे उद्या हा प्लॅटफॉर्म असाच राहील का. चिडलेल्या डेव्हलपरांचं म्हणणं मी इथे गंभीरपणे घेतो. सुरुवातीच्या हार्मनीओएसमध्ये जावातून यूआय लिहिता येत असे. तो रस्ता मागे पडला. अ‍ॅपच्या रचनेचं 'एफए' मॉडेल होतं. एपीआय ९ पासून 'स्टेज' मॉडेल आलं आणि जुन्यावरचा भर गेला. स्क्रीन बदलायला 'राउटर' होता, आता 'नेव्हिगेशन' वापरा म्हणतात. स्टेटच्या दोन पद्धती वर सांगितल्याच. जून २०२४ मध्ये हुआवेने कांगजी नावाची आणखी एक भाषा पुढे आणली. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर सुधारणाच आहे. पण जो दर वेळी पहिल्या रांगेत होता, त्याने तेच काम तीनदा केलं.

असं वागणारी हुआवे पहिली नाही. १९९७ मध्ये अ‍ॅपलने नेक्स्ट कंपनीकडून आलेल्या ओपनस्टेपवर आधारित 'यलो बॉक्स' पुढे केला (त्या कंपनीचं नाव आणि हुआवेचं नेक्स्ट हा निव्वळ योगायोग). जुन्या मॅक अ‍ॅपना 'ब्लू बॉक्स'मध्ये बसवलं. आधुनिक सोयी हव्या असतील तर सगळं पुन्हा लिहा, असा त्याचा अर्थ होता. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या तयार झाल्या नाहीत आणि १९९८ मध्ये अ‍ॅपलला जुने एपीआय साफसूफ करून 'कार्बन' आणावं लागलं. २४ मार्च २००१ ला मॅक ओएस टेन आलं तेव्हा कार्बन आणि कोको (यलो बॉक्सचंच पुढचं रूप) दोन्ही होते. मग जून २००७ मध्ये कार्बनच्या ६४ बिट यूआयचा बेत रद्द झाला. परिणाम असा की २००८ चं फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४ बिट होतं आणि मॅकवर ३२ बिटच राहिलं. मॅकवर ६४ बिट यायला २०१० चं सीएस५ उजाडलं, तेही कोकोवर नेल्यानंतर.

मायक्रोसॉफ्टचंही बघा. जून २०११ मध्ये विंडोज ८ ची झलक दाखवताना एचटीएमएल५ आणि जावास्क्रिप्टचंच नाव घेतलं गेलं, आणि मायक्रोसॉफ्टच्याच सिल्व्हरलाइट-डब्ल्यूपीएफवर वर्षं घातलेले लोक भडकले. सप्टेंबरमध्ये विनआरटी (विंडोज ८ चा नवा एपीआय संच) पूर्ण समोर आलं तेव्हा त्यात सी शार्प आणि सी++ लाही जागा होती. पन्नास मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू शकेल असा प्रत्येक एपीआय असिंक्रोनस, हा त्याचा नियम तांत्रिकदृष्ट्या चांगलाच होता. पण विंडोज स्टोअरच्या अ‍ॅपमध्ये डेटाबेस सर्व्हरशी थेट बोलायची एडीओ डॉट नेटची सोय नव्हती, त्यामुळे कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ती सुंदर रचना निरुपयोगी होती. फोनवर तर २०१० च्या विंडोज फोन ७ मध्ये सिल्व्हरलाइट आणि एक्सएनए शिकायला लावलं, आणि २०१२ मध्ये जाहीर केलं की जुन्या फोनना विंडोज फोन ८ मिळणार नाही.

म्हणून अंदाज करताना मी प्रत्येक नव्या प्लॅटफॉर्मच्या यूआय कोडचं आयुष्य तीन वर्षं धरतो आणि क्लायंटला तसंच सांगतो. नेटवर्क, हिशेब, पडताळणी हे साध्या 'टीएस'मध्ये किंवा सी++ मध्ये. प्लॅटफॉर्मची सेवा बोलवायची तर आपल्याच एका छोट्या इंटरफेसच्या आडून. डेकोरेटर फक्त स्क्रीनच्या फाइलींत. एवढी शिस्त पाळली तर पुढच्या फेरीत स्क्रीन जातील, बाकीचं राहील.

निर्णयाआधी दोन माणसं आणि कामाचे दहा दिवस मागून घ्या. पहिले दोन दिवस खातं आणि साइनिंग, म्हणजे अ‍ॅपवरची डिजिटल सही. 'पी१२' कीस्टोअर, त्यावरून सीएसआर (सर्टिफिकेटची विनंती), त्याचं सर्टिफिकेट आणि 'पी७बी' प्रोफाइल असा क्रम आहे. डिबग प्रोफाइलमध्ये चाचणीच्या फोनचा यूडीआयडी (ओळख क्रमांक) नोंदवलेला नसला तर इन्स्टॉलच होत नाही. चीनमध्ये अ‍ॅप प्रसिद्ध करायला २०२३ पासून तिथल्या उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे अ‍ॅपची नोंदही लागते. ती क्लायंटच्या तिथल्या कंपनीच्या नावाने व्हायला हवी, तेव्हा त्याची चक्रं याच आठवड्यात फिरवा. तुमचा कोड तयार असून नोंद अडकली असं होऊ देऊ नका. पुढचे पाच दिवस तीन गोष्टी: अ‍ॅपमधली सगळ्यांत लांब यादी, सगळ्यांत किचकट फॉर्म आणि सी++ चं एक फंक्शन फोटो घेऊन फोटो परत देतंय इथपर्यंत. लॉगिनची स्क्रीन घेऊ नका, ती सगळीकडे सोपीच असते. दोन दिवस तक्त्यातला सगळ्यांत अवघड एसडीके. शेवटचा दिवस खऱ्या फोनवर: यादी जोरात सरकवा, फॉर्म अर्धा भरून अ‍ॅप मागे टाका, दहा मिनिटांनी परत या, फोन आडवा करा. एमुलेटरवर गुळगुळीत चालणारी यादी स्वस्त फोनवर अडखळली तर बहुतेक वेळा 'की' किंवा स्टेटचीच चूक असते.

दहा दिवसांनंतरचा माझा ढोबळ हिशेब असा असतो: तुमच्याकडे कंपोज किंवा स्विफ्टयूआयमध्ये आधीच असलेल्या स्क्रीनला, हात बसलेल्या माणसाचा एक ते दीड दिवस; प्रत्येक बदललेल्या एसडीकेला सर्व्हरसकट तीन ते पाच दिवस; सी++ चा पूल वर सांगितल्याप्रमाणे; आणि या बेरजेवर एक तृतीयांश वाढ, कारण कागदपत्रांत एक आणि फोनवर दुसरंच असं अधूनमधून होतंच. अडलं तर चिनी कागदपत्रं यंत्राने भाषांतर करून वाचा, तिथे उदाहरणं जास्त सापडतात. तुमच्या स्क्रीन जुन्या एक्सएमएल (अँड्रॉइड) आणि यूआयकिटच्या (आयफोन) असतील तर दिवस दीडपट धरा, कारण तेव्हा नुसती भाषा नाही, विचारही बदलावा लागतो.

वेबव्ह्यूचा सल्ला कधी घ्यायचा? तुमच्याकडे मोबाइलवर नीट चालणारी वेबसाइट आधीच असेल आणि फोटोचा भाग त्या क्लायंटला नको असेल तर जरूर घ्या. आर्कवेबमध्ये (इथल्या वेबव्ह्यूत) ती टाकून कॅमेरा आणि पुश एवढेच नेटिव्ह करा. वेबसाइट नसेल तर वेबव्ह्यूसाठी नवी वेबसाइट लिहिणं हे आर्कयूआयमध्ये स्क्रीन लिहिण्याइतकंच काम आहे, आणि हाती येतं ते कमी प्रतीचं.

माणसांचं म्हणाल तर स्क्रीनसाठी स्विफ्टयूआय लिहिणारा बसवा. टाइपस्क्रिप्ट येते म्हणून वेबच्या माणसाला बसवायचा मोह होतो, पण पहिला महिनाभर तो भाषेने काढून घेतलेल्या सोयीच शोधत राहतो. पुलासाठी सी++ चा जो कोणी तो कोड रोज बघतो तो, दुसरा नको. दोघांना दहाही दिवस पूर्ण मोकळं ठेवा. सकाळी जुनं काम आणि दुपारी हे असं केलंत तर दहाव्या दिवशी फक्त साइनिंग झालेलं असेल.